काळं दिसतंय तिथं दाट असतंय

अप्पा, तुमचं बरोबर होतं. सगळं नाही, पण ज्यावर मी सगळ्यांत जास्त हसले तेवढं तरी नक्की बरोबर होतं. आभाळातल्या त्या दुधाळ पट्ट्यात, आकाशगंगेत, मधे-मधे जे काळं दिसतं तिथं भोक नाही आणि पोकळीही नाही. तिथं माल दाट आहे. तुम्ही हे लोकरीवरून सांगितलं होतंत. बाकीच्या जगाने दुर्बिणी लावून, पुष्कळ वर्षं भांडून, शेवटी हेच सांगितलं. चांदण्या म्हणजे कसरीने खाल्लेली भोकं, हे तुमचं म्हणणं मात्र चुकीचं. तेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, मेल्यावर लेक गोड बोलायली.

हे आज लिहायला बसायचं कारण म्हणजे माझ्या लेखांचं पुस्तक निघतंय. प्रकाशकांचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, पुस्तकाचं नावच 'देवाची घोंगडी' ठेवू. लोकांना तुमचा तोच लेख पाठ आहे." छापण्याआधीचे कच्चे कागद टेबलावर पडलेत, सोमवारी तपासून परत द्यायचेत. एकशेबारा पानं मी भराभर तपासली आणि त्या चार पानांवर येऊन अडले. त्या लेखात तुम्ही आहात. तुमचं नाव नाही, पण आपल्या राजेश्वर गावात घोंगडी विणता-विणता आभाळाबद्दल बोलणारा माणूस एकच होता, त्यामुळे नाव घालायची गरजही नव्हती. लेखातले अप्पा म्हणतात की आभाळ ही देवाची काळी घोंगडी, तिला कसर लागली, पडलेल्या भोकांतून पलीकडचा उजेड येतो, त्या चांदण्या. इथपर्यंत तुमचं. पुढे देव ती घोंगडी खांद्यावर टाकून दुरुस्तीला राजेश्वरला येतो आणि अप्पा त्याला ओट्यावर ताटकळत ठेवून सांगतात, "आता खळीला चिंचोके न्हाईत, दिवाळी झाल्यावर ये." हे माझं. लोक इथं हसतात. मीही हसते. लेख चांगला आहे अप्पा, अडचण तीच आहे. वाईट असता तर कधीच फाडून टाकला असता.

घोंगडी मागावरून उतरली की तुम्ही ती अंगणात लिंबाच्या फांदीपासून भिंतीच्या खुंटीपर्यंत दोरीवर पसरायचात आणि मला हाक मारायचात. मी सहा-सात वर्षांची. भर दुपारचं ऊन. "आत शिर. वर बघ. कुठं उजेड यायलाय सांग." मी खाली शिरते आणि एका पावलात दिवस संपतो. बाहेर अंगण, कोंबड्या, मायची भांडी, सगळं राहतं, पण लांब जातं. आत लोकरीचा उग्र वास आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास. डोळे निवले की वर एकेक ठिपका उगवायला लागतो. विणीच्या फटीतून आलेलं ऊन. काही ठिपके बारीक, काही जरा मोठे, आणि जिथं धागा पातळ पडलाय तिथं एक पांढुरका झगझगीत पट्टा. मधे-मधे मात्र अंधाराचे डाग, जिथं काहीच उगवत नाही. मी बोट लावून सांगायची, हितं, हितं, अन् हितं. तुम्ही बाहेरून तिथं खुणेचा पांढरा धागा बांधायचात. एकदा मी काळ्या डागावर बोट ठेवलं. म्हटलं, हितं काहीच नाही. तुम्ही बाहेरून म्हणालात, "पातळ हाय तिथं उजेड येतो. काळं दिसतंय तिथं दाट असतंय. त्याला हात लावू नको, तीच खरी घोंगडी." मला बाहेर यायचं नसायचं. काम संपल्यावरही मी तिथं उकिडवी बसून राहायची. घोंगडी वाऱ्याने हलली की सगळे ठिपके एकदम सरकायचे.

मी नववीत असताना मूग-उडीद निघालेल्या रानात आपल्या मेंढ्या बसवल्या होत्या. ज्वारी पेरायच्या आधी खत म्हणून शेतकरी बोलवायचे, आठ-दहा दिवस त्यांच्याच रानात मुक्काम असायचा. माग बंद, शाळा पायी. दसरा जवळ आला होता, पाऊस सरला होता. दिवस मावळून भाकरी होईपर्यंत डोक्यावर तो दुधाळ पट्टा या बांधापासून त्या बांधापर्यंत, आणि त्याच्या मधोमध उभी काळी चीर. मी शहाणी, मी तुम्हाला शिकवायला गेले. आमच्या सरांनी सांगितलं होतं की तिथं तारेच नाहीत, नुसती पोकळी आहे.

"पोकळी म्हंजे?" तुम्ही विचारलंत.

"रिकामं. काहीच नाही."

"मग मागचं दिसलं असतं की."

"मागंही काही नाही."

"ह्या अंगाला गच्च, त्या अंगाला गच्च, अन् मधल्या एकाच वाफ्यात उगवलंच न्हाई? कामून?" तुम्ही कोपरावर उठून बसलात. "तसं नसतंय बाई. तिथं काय तरी आडवं आलंय. काळी लोकर हाय तिथं, दाट. मागचा उजेड अडलाय."

"अप्पा, तुम्हाला घोंगडीशिवाय दुसरं काही दिसतच नाही."

"दिसतंय की. मेंढ्या दिसायल्यात."

तीन दगडांच्या चुलीपाशी माय भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "अवो, पोरीची परीक्षा हाय. सरांनी सांगितलं ते लिहू द्या तिला. तुमचं घोंगडं घेऊन पास व्हती का ती?"

"व्हय, ते बी खरंच," म्हणून तुम्ही आडवे झालात. मी पेपरात पोकळी लिहिली आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. सरांची चूक म्हणता येत नाही, त्यांनाही कुणीतरी पोकळीच शिकवली असणार. चूक एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा प्रत्येक जण तिला इस्त्री करून पुढे देतो.

लेख लिहिला तेव्हा मी कलबुर्गीत मराठी शिकवत होते आणि रविवारच्या पुरवणीत लोकांच्या टोप्या उडवत होते. तहसीलदार झाले, साहित्य संमेलनातले अध्यक्ष झाले, दोन्ही राज्यांतले सीमाप्रश्नवाले झाले. एका आठवड्याला कुणीच सापडेना. तेव्हा तुम्ही आठवलात. आईबापावर लिहिलं की वाचक माफ करतो, आणि आईबाप कज्जा करत नाहीत. तो अंक राजेश्वरला पोचला, बसस्टँडवरच्या हॉटेलात मोठ्याने वाचला गेला आणि पुढचे कित्येक महिने तुम्हाला बाजारात सुखाने भाजी घेता आली नाही. "काय अप्पा, देवाचं माप घेतलाव का?" "क्या अप्पा, आसमान रफू हुआ की नै?" पानवाल्याने तर म्हणे तुम्हाला आभाळाकडे बोट करून दाखवलं, "वो देखो, फिर उधड गया." तुम्ही त्यांच्याबरोबर हसत होतात. मायने मला हे सगळं सांगितलं ते कौतुकानेच. मी सुट्टीत आले तेव्हा तुम्ही ताण्याला खळ लावत होतात. कुंच्याने एक हात फिरवलात, आणि मान वर न करता म्हणालात, "चांगलं लिहिलीस. लोक हसायलेत." मी खूश. मग आणखी एक हात फिरवून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "पण ते दाट लोकरीचं कामून लिहिली न्हाईस?"

मी म्हटलं, "त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, अप्पा."

"व्हय," तुम्ही म्हणालात, "ते बी खरंच." त्यानंतर तुम्ही माझ्याशी पावसाचं बोललात, मेंढ्यांच्या खुरांचं बोललात, घराच्या पत्र्यांचं बोललात. आभाळाचं एकदाही नाही. पोरांना घोंगडीखाली शिरवून उजेड शोधायचंही बंद केलंत म्हणे. एकटेच घोंगडी धरून उभे राहायचात, उन्हाकडे तोंड करून. माझा लेख चार पानांचा. त्यात तुमची चूक चार पानं पुरली आणि तुमचं बरोबर असलेलं एक वाक्य मावलं नाही.

हल्ली शाळेतून आले की दुपारची मी खाटेवर पडते, पडदा ओढते आणि मोबाइलवर त्या काळ्या डागांची, म्हणजे खरं तर ढगांची, चित्रं बघते. त्यांना पुस्तकी मराठीत 'रेणवीय मेघ' म्हणतात. ऐकलं की तहसील कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटतं. पण नावाकडे दुर्लक्ष करून चित्र बोटांनी मोठं करत गेलं की मी पुन्हा घोंगडीखाली असते. ते ढग हायड्रोजनचे आहेत, अप्पा. जगातला सगळ्यांत हलका वायू, त्याचे दोन-दोन अणू जोडीने हात धरून बसलेले. आणि थंड किती, तर आपल्या पुसातल्या पहाटेला तिथं उकाडा म्हणावं लागेल. त्या वायूत काजळीसारखी बारीक धूळ मिसळलेली आहे, आणि तीच मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते. आडवं आलेलं ते हेच. गंमत अशी की एवढ्या थंडीत तो हायड्रोजन स्वतः मुका असतो, कसलाच संदेश देत नाही. त्याच्यात चिमूटभर दुसरा एक वायू असतो, बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणसं मारतो तोच. तो बोलका. त्याचे संदेश रेडिओवर आल्यासारखे आपल्याकडे येतात, आणि त्यावरून मुक्याचा पत्ता लागतो. मला हे वाचताना आपलं घर दिसलं. तुमच्या मनात काय चाललंय ते आम्हाला आयुष्यभर मायच्या तोंडूनच कळलं.

मला वाटायचं, ढग म्हणजे एकसारखा फुगलेला कापूस. तसा तो नाही. पिंजलेली लोकर मूठभर घेऊन उजेडात धरावी तसा आहे. कुठं झिरझिरीत, कुठं पुंजके, आणि सगळ्या अंगाने निघालेले लांबच लांब तंतू. त्या तंतूंवर अंतराअंतराने गाठी, आणि तारे होतात ते ह्या गाठींत. माय ओसरीवर पाय पसरून पेळूतून धागा ओढत बसायची. मधेच कुणाशी बोलायला मान वळवली की तिचा हात थांबायचा आणि धाग्यात लोकरीची गाठ यायची. तुम्ही मागावर बसून धागा बोटातून सोडताना विचारायचात, "ही गाठ कुणाची?" आणि ती तिथूनच, "तुमच्या बहिणीची. आल्ती, बसली दोन घटका." "अन् ही एवढी मोठी?" "तीच. जाताना परत दारात उभारली." आपल्या प्रत्येक घोंगडीत अशी दहा-वीस माणसं विणलेली असायची. आता मी ढगातल्या गाठी बघते तेव्हा मला उगाच वाटतं, कुणीतरी बोलायला आलं असेल, हात थांबला असेल.

अशा गाठीत पुष्कळ काळ काहीच घडत नाही. तिचं वजन तिला आत ओढतं. आतली ढवळाढवळ, होती-नव्हती ती ऊब आणि चुंबकाचा न दिसणारा ताण तिला बाहेर धरून ठेवतात. लाखो वर्षं ही ओढाताण चालते, आणि बऱ्याच गाठी तशाच सुटून जातात, त्यांचं काही होत नाही. एखाद्या गाठीत मात्र वजन जिंकतं. मग ती स्वतःतच पडायला लागते. आवाज नाही. जसजशी आकसते तसतशी जोरात फिरते, मायच्या लोकर कातायच्या चातीसारखी, आणि भोवती उरलेली लोकर चपटी होऊन चाकासारखी पसरते. मधे गरम होत जातं, आणखी गरम, आणि एका घडीला पेटतं ते पुढे किती काळ विझत नाही. हे सगळं त्या काळ्याच्या आत. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला सरांची पोकळी. पेटलेला तारा मोठा असेल तर तो आधी काय करतो? ज्या लोकरीतून जन्मला ती फुंकून उडवून देतो, चहूकडे, म्हणजे त्याचा उजेड जगाला दिसावा. मी हे वाक्य तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं आणि तिन्ही वेळा मोबाइल पालथा ठेवला.

आणि सगळी लोकर ताऱ्यांच्या कामी येतच नाही. फार थोडी येते. बाकीची पांगते, भटकते, कधीतरी दुसऱ्या ढगात जाऊन मिळते. तुम्ही पिंजताना ओसरीभर उडायची, मायच्या केसांवर, देवळीतल्या कंदिलावर, भाकरीवरसुद्धा. मी ओरडायची. दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत ती उडालेली काळी लोकर खाली येतच नसायची. तुम्ही त्यात बसलेले असायचात, भुवया लोकरीने भरलेल्या. मला आता झोप लागते ती त्याच तिरिपेत. कलबुर्गीच्या ह्या तापलेल्या खोलीत पंखा फिरतो, आणि मला नीट सांगता येत नाही की मी आत आहे की बाहेर.

असो. सोमवारपर्यंत कागद द्यायचेत. आधी वाटलं, लेखच काढून टाकावा. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, मग पुस्तकात राहिलं काय?" माणूस स्पष्ट बोलतो. मग वाटलं, खाली एक टीप द्यावी. लिहिलीही. "लेखातील वडिलांचे काळ्या पट्ट्यांविषयीचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे लेखिकेला अलीकडे समजले." वाचून पाहिली आणि आडवी रेघ मारली. शेवटी मी वेगळंच केलं. देव ओट्यावर बसलाय, अप्पा म्हणतात दिवाळी झाल्यावर ये, लोक हसतात, तिथं लेख संपायचा. आता तिथं संपत नाही. त्यापुढे मी खळीचा तो दिवस घातला आणि तुमचा प्रश्न घातला, जसा विचारलात तसा. माझं उत्तरही. बास. लेखाचा शेवट मोडला. प्रकाशकांना फोनवर वाचून दाखवला तर म्हणाले, "मॅडम, हसू गेलं की हो." म्हटलं, जाऊ द्या. पुस्तकाचं नावही मी बदलून मागितलंय. ते अजून कबूल झालेले नाहीत, पण होतील. माझ्या तोंडाला लागणारा माणूस दोन जिल्ह्यांत नाही, हे तुम्हीच म्हणायचात.

हे पत्र मात्र पुस्तकात जायचं नाही. छापलं तर लोक म्हणतील, केवढ्या मोठ्या मनाची लेक, आणि मी कार्यक्रमात ते वाचून टाळ्या घेईन. स्वतःला ओळखते मी. आणि तुमच्याकडे पाठवायचं म्हटलं तरी तुमची सगळी पत्रं वाचून दाखवायला मीच असायची. हेही मीच वाचणार, आणि वाचताना कुठली ओळ गाळेन ह्याचा भरवसा नाही. कारण त्या टिपेतला 'अलीकडे' हा शब्द खोटा होता, अप्पा.

तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं होतं, तो दिवस आठवतो? तुम्ही जायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. सकाळचे अकरा. डोळ्यांत थेंब घालून तुम्हाला बाकावर बसवलेलं, डोळे मिटून. मी शेजारी. टेबलावरचं एक जुनं कन्नड मासिक हाताला लागलं. त्यात दोन चित्रं होती, आभाळाच्या एकाच तुकड्याची. पहिल्यात ताऱ्यांच्या गर्दीत एक काळाकुट्ट डाग. दुसरं आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, तापल्या चुलीतून येतो तसल्या उजेडात काढलेलं, आणि त्या डागाच्या आरपार मागचे तारेच तारे. खाली लिहिलेलं, इथं पोकळी आहे असं पूर्वी समजत, प्रत्यक्षात हा दाट ढग आहे. मी ते दोनदा वाचलं. त्याच रविवारी उदगीरला माझा कार्यक्रम होता आणि शेवटी 'देवाची घोंगडी' वाचायचं ठरलं होतं.

तुम्ही विचारलंत, "काय वाचायलीस?"

"काही नाही अप्पा. स्वयंपाकाचं आहे."

"मग वाच की मोठ्यानं. येळ जाईना."

आणि मी त्या ढगाच्या पानावर नजर ठेवून तुम्हाला भरल्या वांग्याची कृती वाचून दाखवली. कोवळी वांगी घ्या, देठ ठेवा, चार चिरा द्या, शेंगदाण्याचं कूट, चिंच, गूळ, सगळं क्रमाने. तुम्ही मान डोलवत ऐकलंत. संपल्यावर म्हणालात, "कारळाच्या कुटाचं सांगितलं न्हाई का त्यात?"

म्हटलं, "नाही."

"इसरला आसंल लिहिणारा," तुम्ही म्हणालात, आणि नर्सने तुम्हाला हाक मारली.